शेरा क्रमांक सतरा

आमच्या शाळेत पिण्याच्या पाण्याच्या नळांमागे एक खांब आहे. एप्रिल लागला की मधल्या सुटीत त्या खांबामागे साठीच्या पुढचा एक उंच, ऐसपैस माणूस अर्धवट लपून उभा असतो. अर्धवट, कारण खांब सडपातळ आहे आणि माणूस तसा नाही. डोक्याला पांढरा दुपट्टा, कानावर पेन, हातात छोटी डायरी. नवे पालक बिचकतात. एका वडिलांनी तर वॉचमनला बोलावून आणलं होतं. वॉचमनने खांबाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "थे आमचे मराठीचे सर हायेत. पाहून राहिले."

हे काळमेघ सर. "काय करून राहिले सर?" असं कुणीही विचारलं की उत्तर ठरलेलं, "पाहून राहिलो." पहिल्या वर्षी मला वाटलं, पाणी कोण सांडतं ते बघत असतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, वयाचा परिणाम असेल. तिसऱ्या वर्षी मीच विचारलं, तेव्हा कळलं की सर प्रगतिपुस्तकातले शेरे जमवत होते.

मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन अमरावतीला आले. अमरावतीची माणसं अकोल्याचं नाव निघालं की आधी तिथल्या उन्हाबद्दल आणि मग पाण्याबद्दल कीव करतात, जणू यांच्याकडे एप्रिलमध्ये थंडी वाजते. शाळेत मी विज्ञान शिकवते आणि सहावी 'ऑर्किड'ची वर्गशिक्षिका आहे. शाळा इंटरनॅशनल असल्यामुळे वर्गांना फुलांची नावं आहेत. शाळेच्या तिन्ही बाजूंना काळी शेतं आहेत आणि त्या पंचक्रोशीत ऑर्किड कुणी पाहिलेलं नाही. म्हणून सर माझ्या वर्गाला 'सहावी पऱ्हाटी' म्हणतात. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, हे आता आमच्या मुलांना पाठ झालंय.

सरांनी चौतीस वर्षं दर्यापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आले आणि आमच्याकडे मुलाखतीला आले. संचालकांनी विचारलं, "या वयात तुम्हाला नोकरी का करावीशी वाटते?" सर म्हणाले, "घरी बसून कोणाले पाहू?" संचालकांना उत्तराचा अर्थ लागला नाही, पण माणूस सरळ वाटला, म्हणून घेतलं.

आता शेऱ्यांबद्दल. आमची प्रगतिपुस्तकं कॉम्प्युटरवर तयार होतात. त्यात प्रत्येक विषयापुढे एक खोका असतो. खोक्यावर टिचकी मारली की चाळीस तयार शेरे खाली उघडतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. क्रमांक चार, 'अधिक एकाग्रतेस वाव आहे.' क्रमांक नऊ, 'उपक्रमांत उत्साही सहभाग.' क्रमांक सतरा, 'स्वभावाने प्रेमळ व मनमिळाऊ.' ज्या मुलाबद्दल काहीच आठवत नाही त्याला सतरा द्यायचा, ही आमची न बोलता ठरलेली रीत. मी एका सत्रात अकरा मुलांना सतरा दिलेला आहे. कुणीही तक्रार केली नाही.

ही यादी पहिल्यांदा दाखवली त्या दिवशी सर चष्मा लावून एकेक शेरा वाचत खाली आले. सतरावर थांबले, उठले आणि पाणी प्यायला गेले ते परत आलेच नाहीत. मनमिळाऊ या शब्दावर सरांचा राग आहे, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे पीटीचे सर मुद्दाम डबा उघडून म्हणायचे, "आज वांग्याची भाजी भलती मनमिळाऊ झाली." काळमेघ सर एरवी कुठल्याही विनोदाला हसतात, समोरच्याने सांगून संपवायच्या आधीच हसतात. या एकाला हसत नसत.

तर सर यादीतून निवडत नाहीत. प्रत्येक मुलासाठी आपला शेरा स्वतः लिहितात. त्यांचा नियम असा, की मुलाने आपल्या मनाने केलेली एक तरी गोष्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहायचं नाही. वर्गातलं उत्तर, परीक्षेतले गुण, स्टेजवरचा नाच हे त्यात धरायचं नाही, कारण ते कुणीतरी सांगितलेलं असतं. "कागदावर पोट्टं दिसत नाई, बाई," हे त्यांचं पालुपद. शाळेत सगळ्या शिक्षिकांना मिस म्हणायचा दंडक आहे. सर आम्हाला बाईच म्हणतात.

बोलताना सर अस्सल वऱ्हाडी, पण लिहिताना मराठी एकदम इस्त्री केलेली. काही शेरे मला पाठ आहेत. 'डबा उघडल्यावर आधी शेजाऱ्याला विचारतो, मग सगळा एकटा खातो. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत.' 'धावताना मागे बघते म्हणून दुसरी येते. मागे मैत्रीण असते. सवय मोडू नये.' 'बाकावर स्वतःचं नाव कोरलं आहे. अक्षर सुंदर. बाकाकडे व मुलाकडे लक्ष ठेवावे.' एका मुलाला त्यांनी लिहिलं होतं, 'खोटं बोलतो, पण लगेच हसू येतं. काळजी नसावी.' त्याची आई तावातावाने भांडायला आली. सरांनी तिला बसवलं आणि सांगितलं, "माय, ज्याले हसू येत नाई, त्याची काळजी करा." ती बाई हसली आणि सरांनी लगेच दाखवलं की हे हसू मुलात कुठून आलं.

या वर्षी पुण्याहून शर्वरी मॅडम आल्या. अभ्यासक्रम, परीक्षा, प्रगतिपुस्तकं हे सगळं त्या बघतात. पहिल्याच दिवशी फाटकाशी सर त्यांना म्हणाले, "काहून हो बाई, इतक्या उन्हात डोक्याले काई न बांधता आल्या?" पुण्याच्या कानांना ते खडसावल्यासारखं वाटलं आणि मॅडम दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांनी त्यांना सुती दुपट्टा आणून दिला, तेव्हा कुठे उलगडा झाला. मॅडम मनाच्या चांगल्या आहेत, फक्त सगळं वेळेत हवं. त्यांनी तडजोड काढली. सरांनी डायरीत लिहायचं आणि मी ते कॉम्प्युटरवर टाइप करायचं.

पाचवी ते सातवीची मिळून एकशे अठरा मुलं. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवारपर्यंत एकशे सतरा शेरे टाइप झाले. शनिवारी सकाळी पालक येणार होते. आणि आमच्या कॉम्प्युटरची तऱ्हा अशी, की वर्गातला एक खोका जरी रिकामा राहिला तरी त्या वर्गाचं एकही प्रगतिपुस्तक छापलं जात नाही. सहावी ऑर्किडमध्ये एक खोका रिकामा होता. अन्वीचा.

"अन्वीचं काय सर?"

"दिसली नाई."

"रोज तर असते वर्गात. कूलरच्या बाजूचा दुसरा बाक."

"बसते. दिसत नाई."

"मग सतरा टाकू का?"

सरांनी चष्मा काढला. "तुमी वर्गशिक्षिका. तुमी एक वाक्य सांगा तिच्याबद्दल. जसं सांगान तसं लिहितो."

मी आठवू लागले. डिसेंबरात आलेली मुलगी. तीही माझ्याच अकोल्याहून. वह्या पूर्ण, गुण मधले, तक्रार नाही, भांडण नाही. "शांत आहे," मी म्हटलं.

"शांत त भिंतही असते," सर म्हणाले.

मला राग आला. रागाचं कारण सर नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं.

शुक्रवारी बालवाडीचा पदवीदान समारंभ होता. इंटरनॅशनल शाळेत बालवाडीतून पहिलीत जाणं ही पदवी असते. सकाळी अकराचं अमरावतीचं ऊन आणि त्यात पाच वर्षांची चाळीस पोरं काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून रांगेत. सर म्हणाले, "एवढे वकील कोठी चालले?" दोन पदवीधर रडत होते, एक झग्यात पाय अडकून पडला आणि एकाने टोपीत चिवडा भरून घेतला होता. फोटोसाठी माणसाहून मोठी पुठ्ठ्याची टोपी केली होती, मधे चेहऱ्यापुरतं भोक ठेवून. सर तिच्यामागे जाऊन उभे राहिले, कारण समोरच अन्वी टोप्यांचं ताट धरून उभी होती. एका आजोबांनी नातवाचा समजून फोटो काढला. तो पालकांच्या ग्रुपवर गेला. बत्तीस पदवीधरांनंतर तेहतिसावे काळमेघ सर, दुपट्ट्यासकट.

"काय दिसलं?" मी नंतर विचारलं.

"टोप्या वाटल्या."

"मग लिहा की, सेवाभावी."

"टोप्या वाटल्या, कारण तुमी वाट म्हटलं. तिनं मनानं केलेलं मले पायजे."

पावणेतीन वाजले. शर्वरी मॅडम दोनदा डोकावून गेल्या होत्या आणि छपाईवाला माणूस चारला घरी जाणार होता. अन्वीमुळे एकोणचाळीस मुलांची प्रगतिपुस्तकं अडली होती. सर कुठेच दिसेनात. शेवटी मी माझ्या वर्गात गेले. ती पुठ्ठ्याची टोपी आता तिथे मागच्या भिंतीशी आणून ठेवली होती आणि तिच्यामागच्या बाकावर सर बसले होते. मी तणतणत जवळ गेले. "सर, झालं आता. मी सतरा टाकते."

सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बाजूची जागा थोपटली. मी सहावीच्या बाकात कशीबशी गुडघे कोंबून बसले.

इथे आमच्या कूलरबद्दल सांगायला हवं. शाळेत सगळ्या वर्गांना कूलर आहेत. सकाळी मावशी सगळ्यांत मोजून दोन-दोन बादल्या पाणी ओततात आणि दुपारी दोनला सगळ्यांच्या टाक्या कोरड्या पडून गरम वारा सुटतो. माझ्या वर्गातला कूलर मात्र शेवटच्या घंटेपर्यंत गार असायचा. स्टाफरूममध्ये मी महिनाभर फुशारकी मारत होते, की याला अकोल्याचा हात लागलाय.

दप्तरं भरायची घंटा झाली. अन्वी उठली आणि तिने कूलरची बाजूची झडप उघडली. मुलं दप्तर पाठीला लावून दाराकडे जाता जाता आपापली पाण्याची बाटली तिच्या हातात देऊ लागली. कुणी काही बोलत नव्हतं. कुणाच्या बाटलीत अर्धं पाणी, कुणाच्या घोटभर. ती ओतायची आणि बाटली परत द्यायची. एक बाटली तिने नाकाशी नेली, त्यात लिंबू सरबत होतं. ती तिने न ओतता परत केली आणि बेसिनकडे बोट दाखवलं. शेवटी टाकीत बोट बुडवून पाणी कुठवर आलं ते बघितलं, झडप लावली, हात फ्रॉकला पुसला आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पाच मिनिटं लागली असतील. सगळ्या वर्गाला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला.

नंतर मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमचा कूलर सकाळी अर्धा भरलेलाच राहे. मले वाटे, तुमी चालूच नाई करत."

"दिसली," सर म्हणाले. मग त्यांनी कानावरचं पेन काढून लिहिलं, 'घरी जाताना सगळ्यांच्या बाटल्यांतलं उरलेलं पाणी वर्गाच्या कूलरमध्ये ओतते. सरबत ओतत नाही. कोणी सांगितलेलं नाही आणि हिनेही कोणाला सांगितलेलं नाही. उन्हाळाभर वर्ग गार राहिला, तो हिच्यामुळे. आम्हाला उशिरा दिसलं, ही चूक आमची.'

लिहून झाल्यावर त्यांनी डायरीची पानं उलटी चाळली, अगदी सुरुवातीला गेले, तिथे आणखी काहीतरी लिहिलं आणि मग डायरी माझ्याकडे दिली.

मी टाइप केलं. शर्वरी मॅडमनी पडद्यावर वाचून सांगितलं, की शाळा आपल्याच प्रगतिपुस्तकात 'चूक आमची' असं लिहू शकत नाही, ते शेवटचं वाक्य काढा. मी म्हटलं, मॅडम, एकदा वर्गात चला. त्या आल्या, कूलरसमोर मिनिटभर उभ्या राहिल्या. मग दुपट्टा सारखा करत म्हणाल्या, "राहू द्या."

शनिवारी अन्वीची आई एकटीच आली. गुण वरवर बघितले आणि म्हणाली, "मिस, हिला आम्ही परत अकोल्याला आजीकडे पाठवायचं म्हणतोय. इथे तिचं मन लागत नाही वाटते. घरी विचारलं की शाळेतलं काईच सांगत नाही." मी शेऱ्यावर बोट ठेवलं. तिने वाचलं. परत वाचलं. मग मुलीकडे वळून म्हणाली, "तू कूलर भरते?"

"आजी पाणी फेकू देत नाही ना," अन्वी म्हणाली. "इथे सगळे बेसिनमध्ये ओतत होते."

आईने शेऱ्याचा फोटो काढून तिथल्या तिथे अकोल्याला आजीला पाठवला. पुढच्या वर्षी बस किती वाजता येईल, हेही तिनेच विचारलं.

सर अर्थातच खांबामागे होते. अन्वी सरळ तिकडे गेली. "सर, तुम्ही कुठून पाहिलं?"

"टोपीच्या मागून."

तिने थोडा विचार केला. "मला वाटलंच. टोपीला चपला होत्या."

सर एवढे हसले की त्यांना खांब धरावा लागला.

परतीच्या बसमध्ये मुलं नव्हती, आम्ही सात-आठ शिक्षकच. मी सरांच्या शेजारी बसून डायरी परत दिली. सर म्हणाले, "पहिलं पान पाहिलं?"

"नाही सर." मग खरं सांगितलं, "पाहावंसं वाटलं होतं."

"पाहा."

पानाच्या माथ्यावर नाव होतं, सुनंदा. सरांच्या पत्नी पाच वर्षांपूर्वी गेल्या, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

सर खिडकीकडे बघत बोलू लागले. "थ्या दिवशी पुतण्या कागद घेऊन बसला. म्हणे काका, पेपरात द्यायचं हाय, काकूबद्दल दोन शब्द सांगा. चौतीस वर्षं पोट्ट्यायले निबंध शिकवले, बाई. अन् माह्या तोंडून निंगालं, प्रेमळ अन् मनमिळाऊ. दुसऱ्या दिवशी छापून आलं. त्याच पानावर आणखी तिघीजणी होत्या. तिघीही प्रेमळ अन् मनमिळाऊ. फोटो झाकला असता, त मले माही बायको वळखू आली नसती."

बस फाटक ओलांडून रस्त्याला लागली. ड्रायव्हरने दरवाजा ओढून घेतला.

"एकतीस वर्षं घरात होती. मी पाहिलंच नाई," सर म्हणाले.

मी वाचत होते. शाई जागोजाग वेगळी होती, म्हणजे एका बैठकीत लिहिलेलं नव्हतं. 'पहिली पोळी करपते. ती स्वतःच्या ताटात घेते.' 'फोनवर बोलताना उभी राहते, समोरचं माणूस वडीलधारं असो वा नसो.' 'सायकलचा आवाज ओळखते. मी पोचायच्या आत दार उघडं असतं.' अशी अडीच पानं भरली होती. शेवटची ओळ कालची होती. 'रात्री तांब्यात उरलेलं पाणी सकाळी मोगऱ्याला घालते. एकदाही फेकलं नाही.'

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. डायरी मिटून मी सरांच्या मांडीवर ठेवली. बाहेर नांगरून ठेवलेली काळी शेतं मागे जात होती आणि सर त्यांच्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी नेहमीचंच विचारलं, "काय पाहून राहिले सर?"

"आठवून राहिलो," सर म्हणाले, आणि त्यांनी कानावरचं पेन काढलं.